तोरिनोको

"बाळाच्या कपाळावर बोट दाबून उचला. कातडी पिवळी दिसली, तर लगेच गाडी पाठवतो," डॉक्टर फोनवर म्हणाले.

ऊर्मिलाने बोट दाबून उचललं. डोळ्यांपुढे नाव उमटलं: तोरिनोको. अंड्याच्या कवचाचा रंग. बाळ जन्मलं तेव्हाही हेच उमटलं होतं.

रेशीम रंगवायच्या रंगशाळेत कामाला लागतानाच तिच्या डोळ्यांत भिंगं बसवली होती. समोर येईल तो रंग ती भिंगं सगळ्यांत जवळच्या जुन्या जपानी नावात बसवायची आणि तेवढाच दाखवायची. जपानी गिऱ्हाइकाच्या लड्या त्यामुळे बिनचूक जुळत. मधल्या छटा तिला दिसतच नसत. करार संपेपर्यंत भिंगं निघणार नव्हती.

"डॉक्टर, मला कळत नाहीये हो."

"मग दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. लवकर!"

बाळ सकाळपासून दूध ओढत नव्हतं. त्याला छातीशी धरून ती शेजारी धावली. "सिंधूकाकू, बघा ना, हा पिवळा पडलाय का?"

काकूंनी बाळाला दारातल्या उन्हात धरलं आणि कितीतरी वेळ निरखलं.

"तोरिनोकोच दिसतोय गं," त्या पुटपुटल्या, आणि त्यांनी बाळाला पलीकडच्या दारातल्या, त्यांच्यासारख्याच रंगशाळेत जाणाऱ्या पुढच्या बाईच्या हातात दिलं.