वरून दिसतं का?

“याडी, अजूनबी आयक माहं. मोटारीनं जाय मुंबईले.”

सकाळपासून धनसिंगचं हे चौथ्यांदा. नागपूरच्या विमानतळाच्या फाटकाबाहेर, कडुलिंबाच्या सावलीत मायलेक बसले होते. आत विमान उभं होतं. रुपाबाईची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. एवढं थोरलं धूड, आणि पाय म्हणून तीन चाकं!

“मी मोटारीत तीन दिस हाडं खिळखिळी करून घेऊ, अन् तू रोज इमानात फिरशीन?” ती म्हणाली. “वा रे वा!”

आसेगावजवळच्या तांड्यातून दोन मोटारी बदलत ती कालच आली होती. मुलगी ललिता मुंबईला बांधकामावर होती. तिला मुलगा होऊन तीन महिने झाले, आजीनं अजून तोंड पाहिलं नव्हतं. आगगाडीचं तर नावच काढायची सोय नव्हती. जऊळका स्टेशनावरून बाई आयुष्यात एकदाच आगगाडीत बसली आणि गाठोडं चोरीला गेलं. म्हणजे उरली मोटार, नाहीतर विमान. आणि विमानाचा पास पोरानंच कळवला होता. चार वर्षं नोकरी झाली की एक पास. स्वतः जा, नाहीतर आईबापाला पाठवा. धनसिंगनं मोठ्या हौसेनं पत्र लिहिलं, पेटीत टाकलं आणि मग कपाळावर हात मारून घेतला.

त्याचं असं झालं होतं. नोकरी लागल्यावर त्यानं घरी कळवलं, मी विमानावर काम करतो. खोटं नव्हतं. तो विमानात सामान चढवायचा. पण तांड्यानं धरून चाललं की धनसिंग आभाळात फिरतो. त्यानंही चूक दुरुस्त केली नाही. कोण करतं हो? मग रुपाबाईनं मास्तरांकडून लिहून घेतलं : दुपारचं मुंबईचं विमान तांड्यावरून जाते. मी टेकडावर उभी राहून आरशांची ओढणी हालवते. तुले दिसते का? पोरानं उलट टपाली लिहिलं, दिसते.

झालं! तेव्हापासून अंगात ताप असो की रानात कापसाची वेचणी, दुपारची घरघर ऐकू आली की बाई टेकडावर. तांड्यातल्या बाया हसायच्या. “काहून वं, पोराले जेवाले बलावतं का?” ती म्हणायची, “त्याले दिसते ना, बस झालं.” 

आणि धनसिंग चार वर्षांत एकदाही वर गेला नव्हता. वरून ओढणी दिसते की नाही, देव जाणे! आता याडी वर जाणार, टेकडं शोधणार, आणि काहीच दिसलं नाही तर? म्हणून तर सकाळपासून त्याचा मोटारीचा धोशा चालला होता.

“कानात दडे बसतात याडी. उलट्या होतात.”

“होऊ दे. तांड्यातल्या देवला नाईकानं इचारून ठेवलं, इमान मधात थांबते का, अन् एखाद्याले लघवीले लागली तं काय करते. हे समदं पाहून त्याले सांगा लागन मले.”

तेवढ्यात रामधन सामानाचा गाडा ढकलत आला. धनसिंगच्याच टोळीतला गडी, तोंडाचा मोकळा.

“हेच का तुही माय? बरं झालं माय, तू तरी वर चालली. हा बहाद्दर तं चार वर्षांत एकदाबी उडाला नाई. आमी दोघंबी बोचकी चढवणारे!”

रामधन हसला. बाकी कोणी हसलं नाही. धरणीनं पोटात घ्यावं असं धनसिंगला झालं.

रुपाबाईनं पोराकडं वळून पाहिलं. “मंग दिसते म्हणून कायले लिहिलं?”

“तू इचारलं. दिसत नाई असं कसं लिहू?” तो मान खाली घालून म्हणाला. “अन् दिसते का नाई, ते मलेच मालूम नाई.”

रुपाबाईला राग आला. चांगलाच आला. चार वर्षं उन्हातान्हात हात दुखेपर्यंत ओढणी हलवली, आणि पाहणारं कोणी नव्हतंच! दोन सणसणीत शिव्या तिच्या ओठावर आल्या. मग काय वाटलं कोणास ठाऊक, तिनं रामधनला हाक मारली.

“भाऊ, वरून खालचं माणूस दिसते का?”

“मले काय मालूम माय? ज्याले मालूम, तो आमच्यासंगं बोलत नाई,” असं म्हणून रामधन फाटकातून आत गेला.

म्हणजे इथंही कोणाला ठाऊक नव्हतं. रुपाबाईनं विमानाच्या खिडक्या एकेक करून न्याहाळल्या. आतून घंटा झाली. उतारू उठले. तीही उठली आणि नातवासाठी आणलेलं कवड्यांचं टोपडं तिनं धनसिंगच्या हातात दिलं.

“ललितीच्या पोराले तूच नेऊन दे.”

“अन् तू?”

“मी मोटारीनं.”

धनसिंगचे डोळे भरून आले. “रागावली का याडी? मुंबईची मोटार तं उद्या हाय.”

“मुंबईले दिवाळीत जाईन. आता घरी जातो. पास आजचाच हाय का?”

“नाई, महिनाभर चालते.”

“मंग आज जाऊ नको,” गाठोडं काखेला मारत रुपाबाई म्हणाली. “परवा जाय, अन् खिडकीपाशी बस. मोटारीनं तांड्यावर पोचाले मले उद्याची सांज होईन.”