उशीच्या खोळीतल्या गोळ्या

सर्जननं नातेवाइकांसमोर बाटली धरली. आत खडूच्या तुकड्यासारखी पांढरी गाठ होती. "ही हृदयातून काढली. कॅन्सर वाटत नाही. डायलिसिसच्या पेशंटमध्ये क्वचित असा चुना साचतो. आजी तो रोखणाऱ्या, जेवताना चघळायच्या गोळ्या नियमित घेत होत्या ना?"

सगळ्यांनी सुलभाकडे पाहिलं. सासूबाईंची औषधं तिच्याकडेच होती. नणंद फणकारली, "आईला पाणीसुद्धा वाटीनं मोजून देते ही. गोळ्या कसल्या देतेय?"

चार वर्षांत सुलभानं गोळीशिवाय एकदाही ताट वाढलं नव्हतं.

घरी येऊन तिनं सासूबाईंचं अंथरूण उन्हात टाकायला काढलं. उशीची खोळ झटकली आणि फरशीवर गोळ्यांचा सडा पडला. एकूण एक अर्धवट विरघळलेल्या. तिच्यासमोर तोंडात टाकलेल्या, तिची पाठ वळताच काढून लपवलेल्या. तिनं त्या सगळ्या पुन्हा खोळीत भरल्या.

पंधरा दिवसांनी सासूबाई घरी आल्या. जेवताना नणंद मुद्दाम शेजारी पहाऱ्याला बसली. सुलभानं रिकाम्या ताटात एक गोळी ठेवली आणि नणंदेच्या पुढ्यात ती खोळ उपडी केली. नणंदेनं एक अर्धवट विरघळलेली गोळी उचलून आईकडे पाहिलं.

सासूबाई मात्र डगमगल्या नाहीत. "विष घालतेस मला. अख्ख्या गल्लीला सांगितलंय मी."

"विष समजूनच खा," सुलभा म्हणाली. "पण माझ्यासमोर, चावून."

तिनं पदर खोचला आणि ती तिथंच उभी राहिली. कवळीखाली गोळी कडकन फुटली, तेव्हाच तिनं भाकरी वाढली.