हाल्वरच्या शेतावरचं खोटं लग्न

“खेळ आहे हो नुसता,” गाडीतून उतरता उतरता शरयूने पुन्हा सांगितलं. “शेकोटी पेटवायच्या आधी दोघांना नवरा-नवरी करायचं, खोटं लग्न लावायचं, मग जेवायचं. हाल्वरकडचे मूळचे नॉर्वेचे, त्यांची जुनी रीत आहे. यंदा आपल्या यामिनीला उभं केलंय.”

“आणि नवरा?” पुरुषोत्तमरावांनी विचारलं.

“हाल्वरच. शेत त्याच्या घरचं आहे ना.”

“हं,” ते म्हणाले आणि खांद्यावरचं रेशमी उपरणं सारखं केलं. ऊन लागतं म्हणून घेतलं होतं.

शरयूने मान वळवली. आजवर तिने नवऱ्याला कशातच फसवलं नव्हतं. आणि आता फसवत होती ते मुलीच्या लग्नात.

साताऱ्याला पुतण्याच्या साखरपुड्यात, सगळ्या भावकीसमोर पुरुषोत्तमराव यामिनीला म्हणाले होते, “त्या गोऱ्याशी लग्न केलंस तर मी तिथं पाय ठेवणार नाही.” ते बोलले की बोलले. एकदा चहावरून वाद झाला तेव्हा चहा सोडला, तो अजून तोंडाला लावला नव्हता. यामिनी अमेरिकेतल्या रेडमंडहून फोन करून रडायची. लग्न हाल्वरशीच करणार, पण बाबा नसतील तर करणार नाही. शेवटी हाल्वरची आजी इंगेबोर्ग हिने वाट सुचवली. लग्न खरं लावायचं आणि बाबांना खोटं म्हणून सांगायचं.

लाल कोठाराशेजारी फळ्यांची लांब नाव उभी होती. टोकाला ड्रॅगनचं तोंड. पूर्वज वायकिंग म्हणून हाल्वरच्या आजोबांनी हौसेने बांधलेली ती नाव पाण्यात कधी उतरली नव्हती. प्लास्टिकची शिंगं लावलेलं हेल्मेट घालून हाल्वरचा काका स्वागताला आला.

“आमच्याकडे बेंदराला बैल असे सजवतात,” पुरुषोत्तमराव मराठीत म्हणाले.

“बाबांना तुमचं हेल्मेट फार आवडलं,” यामिनीने काकाला इंग्रजीत सांगितलं.

तिच्या डोक्यावर रानफुलांचं कडं होतं. पुरुषोत्तमरावांनी ते निरखलं. “मुंडावळ्यांचं काम भागलं म्हणायचं.”

“बाबा, इट्स जस्ट फॉर फन,” यामिनी म्हणाली आणि तिने आईकडे पाहायचं टाळलं.

लग्न लावणारी बाई खरीखुरी पाद्री होती. ओळखू येऊ नये म्हणून तिला लोकरीचा झगा आणि चामड्याचा पट्टा घातला होता. तिने विचारलं, दोघांनी होकार दिला, अंगठ्या घातल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शरयूला सुटल्यासारखं झालं.

तेवढ्यात पुरुषोत्तमराव उठले.

“झालं? खेळायचं तर नीट खेळा. अंतरपाट कुठाय?”

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून एक टोक हाल्वरच्या काकाच्या हातात दिलं, दुसरं पाद्रीबाईच्या. “असं आडवं धरा. शरयू, तांदूळ मिळतील का कुणाकडे?”

शरयूने पर्सची चेन उघडली. तिने पुडी काढली. कुंकवात घोळलेले तांदूळ.

“खेळाला अक्षता घरून आणल्यास?”

“देवळात दिल्या होत्या. पर्समध्येच राहिल्या,” ती म्हणाली. आणखी एक खोटं.

त्यांनी मंगलाष्टका म्हटल्या. आवाज खणखणीत होता, पण शेवटच्या कडव्याला फाटला. शेकोटी अजून पेटलेलीही नव्हती, तरी “धूर लागला,” म्हणत त्यांनी घसा खाकरला. मग मुलीचा हात धरून हाल्वरच्या हातात दिला आणि क्षणभर तसाच दाबून ठेवला.

शरयूला तिथं उभं राहवेना. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून धुतलेल्याच बशा पुन्हा धुऊ लागली. हे किती मनापासून खेळले होते, आणि आपण त्यांना सगळ्या गोऱ्यांसमोर बाहुला करून नाचवलं. तिला स्वतःची किळस आली.

इंगेबोर्ग काठी टेकत आत आली. तिने नळ बंद केला.

“मला लाज वाटते,” शरयू मोडक्या इंग्रजीत म्हणाली. “तुमचा उपकार आहे. पण मी आता जाऊन त्यांना खरं सांगते. उद्या आमच्याशी बोलले नाहीत तरी चालेल.”

“सांगू नका,” म्हातारी म्हणाली. “मी शब्द दिलाय.”

“यामिनीला?”

“नाही.” इंगेबोर्गने दाराबाहेर पाहून आवाज खाली आणला. “तुमच्या यजमानांना. हिवाळ्यात साताऱ्याहून त्यांनीच मला फोन केला होता. म्हणाले, तुमच्या वायकिंगांची अशी एखादी रीत शोधा की मुलीचं लग्न मला लावता येईल आणि बायकोला वाटेल, मी फसलो.”