सोमवारची सोबत

"नारळ घेऊ का, सर?" लक्ष्मम्मांनी विचारलं.

शंभुलिंग सरांनी मान हलवली. "नको, अक्का. आज नुसतं बसून जाऊ."

बायको महेश्वरी गेल्यावर येडशीच्या रामलिंगाच्या देवळात ते पहिल्यांदाच आले होते. तिला जाऊन दीडेक महिना झाला होता. तिची थोरली बहीण लक्ष्मम्मा दिवसकार्याला आल्या त्या अजून धाराशिवला सरांकडंच होत्या. आजच्यानंतर इथं यायचं नाही, असं सरांनी सकाळीच ठरवलं होतं. तसं अक्काला बोलले मात्र नव्हते.

सरांनी जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. त्यांचं सांगणं एकच. पुरावा जेवढा, विश्वास तेवढाच ठेवावा. त्याहून जास्त ठेवला तर ती स्वतःचीच फसवणूक. यावर ते एक मोठं पुस्तक लिहीत होते. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. ते फक्त महेश्वरीला लागायचं. प्राथमिक शाळेत मास्तरीण होती ती. घरी आली की एकेक प्रकरण सुवाच्य उतरवून काढायची.

"कळतं का काही त्यातलं?" सर विचारायचे.

"अक्षर कळतं की," ती हसून म्हणायची.

ती रोज कपाळाला विभूती लावून, तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायची. सरांनी तिला त्यावरून कधी टोकलं नाही. वाद कॉलेजात घालायचा, घरात नाही. पुढं तिची शाळा सकाळची झाली आणि पूजा मागं पडली. सुट्टी लागली की बसेल परत, असं सरांना वाटलं. मग तो विषय त्यांच्या डोक्यातून गेलाच.

आणि मग नंदीश गेला. एकुलता एक मुलगा, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. सोलापूर रोडवर ट्रकनं मोटारसायकल उडवली. घरात माणसांची रीघ लागली. जो येईल तो म्हणायचा, "देवाची मर्जी, सर." चौथ्या दिवशी सरांना ते ऐकवेना. त्यांनी एसटी धरली, येडशीला उतरले आणि रामलिंगाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. कारण इतकंच, की तिथं ओळखीचं कुणी नव्हतं.

उन्हं उतरताना महेश्वरी एसटी स्टँडवर चौकशी करून त्यांना शोधत आली. हातात नारळ होता. सरांकडं बघत क्षणभर थांबली आणि सरळ गाभाऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. तिला एकटीला तसं उभं बघून सरांना बसवेना. ते उठले, तिच्या शेजारी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हात जोडले. दुसरं करण्यासारखं होतं तरी काय?

परतीच्या एसटीत तिनं विचारलं, "बरं वाटलं तुम्हाला?"

"हो," सर म्हणाले.

"मग येत जाऊ दर सोमवारी."

तेव्हापासून सोमवार चुकला नाही. लेक गेलेल्या बाईला एवढाच आधार उरलाय, आणि आपण मात्र तो आधार कसा पोकळ आहे हे सिद्ध करत बसायचं? सरांच्यानं पुढं लिहवेना. एक दिवस त्यांनी सगळी प्रकरणं फडक्यात बांधून माळ्यावर टाकली.

"पुस्तकाचं काय झालं हो?" तिनं एकदा देवळात विचारलं.

"आता नाही लिहावंसं वाटत."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं त्यांच्या ओंजळीत बेलाची पानं ठेवली.

कॉलेजात हिंमतराव म्हणून सहकारी होते. एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "काय सर, सापडला वाटतं पुरावा!" सरांनी हसून गिळलं. घरी काही सांगितलं नाही.

पुढं महेश्वरीचे गुडघे गेले. पायऱ्यांवर ती सरांचा दंड धरून बाजूला बाजूला उतरायची. "आज राहू दे," सर म्हणायचे. "छे, तुम्हाला चुकल्यासारखं होईल," ती म्हणायची आणि चप्पल घालायची. किती मानी बाई, सरांना वाटायचं. ओढ स्वतःला, अन् नाव माझं.

शेवटी सोलापूरच्या दवाखान्यात सरांनी रामलिंगाची विभूती नेली. तिला बोलायचेही कष्ट पडत होते.

"लावू?"

"तुम्हाला बरं वाटतंय ना? मग लावा," ती म्हणाली. त्यांचा हात मात्र तिनं झोप लागेपर्यंत सोडला नाही.

आता दोघं पायऱ्यांवर बसले होते, खालून झऱ्याचा आवाज येत होता. कठड्यावर एक वानरीण पिलाच्या उवा काढत बसली होती. सरांना अगदी राहवेना.

"अक्का, एक सांगतो. तुम्हाला वाईट वाटेल. माझा यातल्या कशावरच कधी विश्वास नव्हता. आजही नाही. तिच्यासाठी यायचो. पुस्तक ठेवून दिलं तेही तिच्यासाठीच. पुस्तकाचं काही नाही, पण जिच्याशी जन्म काढला तिच्यापुढं इतकी वर्षं खोटं हात जोडून उभा राहिलो. एकदा तरी खरं बोलायला पाहिजे होतं."

लक्ष्मम्मा गर्रकन त्यांच्याकडं वळल्या.

"तुमचा न्हाय?"

"नाही, अक्का."

"अगं बाई!" त्यांनी पदर तोंडाला लावला. "सर, तिनं मला बजावलं होतं, त्यांना कधी कळू देऊ नको म्हणून. आता काय लपवायचं? ती म्हणायची, 'अक्का, त्यांची पानं उतरवता उतरवता माझा देव कधी गेला, मलाच कळलं नाही. लई खरं लिहितात गं ते. पण नंदीश गेला आणि तेच देवळात जाऊन बसले, देवापुढं हात जोडून उभे राहिले. आता त्यांचा तेवढा आधार मी कुठल्या तोंडानं काढून घेऊ?'"