स्ट्रॉबेरीच्या चवीची मंजुरी

डॉ. दाबके यांनी उंदरांच्या आतड्यांची छायाचित्रे समितीपुढे मांडली. मुलांच्या नव्या टूथपेस्टमधले अतिसूक्ष्म कण आतड्याच्या भिंतीत रुतून बसले होते. निदान वेष्टनावर इशारा छापा, एवढीच त्यांची मागणी होती.

“मुलं पेस्ट थुंकतात, बाई, गिळत नाहीत,” असे समजावून अध्यक्षांनी इशाऱ्याविना मंजुरीवर सही केली आणि चहा मागवला.

कंपनीच्या प्रतिनिधीने स्ट्रॉबेरीच्या चवीच्या नळ्यांचा खोका कृतज्ञतेने पुढे सरकवला. “नातवासाठी, साहेब.”

अध्यक्षांनी तो दोन बोटांनी परत लोटला. “छे हो! तो लबाड अर्धी नळी गिळतो.”

सगळे खळखळून हसले. “हे वाक्य इतिवृत्तात घ्या,” दाबके म्हणाल्या.

“सभा संपली, बाई,” अध्यक्ष मायेने म्हणाले. “चहा घ्या.”