सातवा गडी

सहा नावं चोख पाठ होती. सातवं काही केल्या तोंडात येईना.

मनासे ओटीवर येरझारा घालत होता. जोमा, पदाजी, हिरू, धर्मा, चांगा, पोशा... आणि पुढे ठार काळोख. पुन्हा पहिल्यापासून. जोमा, पदाजी, हिरू... पोशापाशी गाडी अडायची ती अडायचीच.

"अहो, बसा की जरा, फरशी झिजेल," त्याची बायको जेरुशा आतून म्हणाली.

बसतो कसला! शनिवारची संध्याकाळ उतरत आली होती. आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ, यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, सुटणार, लेखणी हातात घेता येणार, आणि लिहायला नाव नाही.

सगळा घोळ कालचा. पोरांच्या हुतुतूच्या सामन्यांची नावनोंदणी मनासेकडे. दवाखान्यातली कंपाउंडरकी सांभाळून करायचा, फुकटात, हौसेनं. मुदत त्यानंच घातलेली, शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत. आणि त्याच्या मुदतीला अख्खं पनवेल टरकून. तर काल ऊन भिंतीवरून उतरता उतरता उरणकडच्या मिठागरांवरचा रामू होडीवाला धापा टाकत दारात हजर. वेळेत आला होता, त्यात वाद नाही. पण जेरुशानं शब्बाथचा दिवा नुकताच लावलेला. दिवा लागला की मनासे लेखणीला शिवत नसे, आणि दुसऱ्याकडून लिहवूनही घेत नसे.

"मंग आमची पोरां बाद का?" रामूचं तोंड एवढंसं झालं. "वरीसभर वाट बगतान ती. आन मना थांबता येनार नाय. पानी उतरलं तं होडी रुतंल."

मनासेला राहवेना. "तू नावं सांग," तो म्हणाला, "मी डोक्यात ठेवतो. उद्या तारे दिसले की उतरवीन."

रामूनं सांगितली. बरोब्बर सात. एक जरी गडी कमी असला तरी संघ बाद, हा नियमही मनासेचाच.

रात्र घोकण्यात गेली. सकाळी सिनेगॉगमध्ये त्यानं शक्कल काढली. तिथं धर्मग्रंथाच्या वाचनाला सात जणांना एकामागून एक पुढे बोलावतात. दर माणसाला त्यानं एकेक पोरगा जोडून दिला. म्हाताऱ्या एझराला जोमा, एझराच्या भावाला पदाजी, असं करत सहा जण छान लागले. सातव्या खेपेला नेहमी जुडाह उठायचा, म्हणून सातवा पोरगा त्याच्यासाठी राखून ठेवला. पण जुडाह गेल्याच महिन्यात बिऱ्हाड बांधून इस्राएलला गेला, हे मनासेच्या ध्यानातच राहिलं नाही. सातवी हाक आली ती मनासेलाच. तो दचकून उठला, आणि पोरगं गेलं डोक्यातून निसटून.

आता चेहरा तेवढा डोळ्यांपुढे येत होता. लुकडा, दात पुढे, सारखा हसणारा. अरे, गेल्या साली शेवटचा सामना एकट्यानं फिरवला तोच तो! पण सामन्यात वेळ मोजायचं काम मनासेचं, डोळे सारखे घड्याळावर. नाव कुणाला आठवतंय?

"काय मनासेभाऊ, झाली का नावं?"

काशिराम भातगिरणीवाला ओटीवर येऊन टेकला. गावातल्या तालमीचा संघ त्याचा. शाळेच्या पडवीत बत्ती पेटवून मंडळी जोड्या लावायला खोळंबली होती, म्हणून त्याला पाठवलं होतं. त्यानं खिशातून विडी काढली आणि नुसती बोटांत धरून बसला. शनिवारी या ओटीवर काडी ओढायची नाही, हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

गेल्या साली शेवटच्या सामन्यात हरला तो काशिरामचाच संघ. त्या पोराचं नाव पनवेलात कुणाला ठाऊक असेल तर यालाच. पण विचारायचं कुठल्या तोंडानं? तुझ्या पोरांना ज्यानं लोळवलं त्याला परत मैदानात आणायला हातभार लाव, असं?

"तीन झाले," काशिराम वर बघत म्हणाला. "लिहा आता."

मनासेनं शाईत टाक बुडवला. सहा नावं भराभर उतरली. मग टाक थांबला.

"पुढं?"

"सातवं विसरलो, काशिरामशेठ." मनासेनं टाक दौतीत ठेवला. सिनेगॉगात प्रार्थनेला निदान दहा माणसं लागतात, आणि आज सकाळी दहावा मिळवायला तो दारोदार फिरला होता. एक माणूस कमी पडला की काय होतं ते त्याला कुणी शिकवायला नको होतं. "रामूनं विश्वासानं सांगितलं हो. मीच घालवलं."

"म्हणजे सहाच."

"सहाच."

"नियमानं संघ बाद."

"बाद," मनासे म्हणाला.

उद्या काशिरामच्या पोरांना मैदान मोकळं होतं. त्यानं काडी ओढली, सावकाश विडी पेटवली, एक झुरका घेतला आणि धूर सोडला.

"तुळशीराम," तो म्हणाला.

मनासे त्याच्याकडे बघतच राहिला.

"बघताय काय, लिहा! एका दमात पाच गडी मारले माझे त्यानं." काशिराम गुडघ्यावर हात टेकून उठला. "वर्षभर रोज पहाटे याच नावानं पोरं तालमीला उठवतोय मी."