एका ठोक्याचा फोटो

“एक्क्याण्णव,” टेक्निशियन म्हणाला. “ताई, हे काही खाली येत नाही हो.”

ती सीटी स्कॅन मशीनच्या अरुंद फळीवर उताणी पडली होती. छातीला तारा चिकटवलेल्या, हातात सुई, दोन्ही हात डोक्याच्या वर. ठोके उतरवायची गोळी घरून घेऊन आली होती, इथे आल्यावर आणखी एक दिली. हृदय आपलं उधळलेलंच. मागच्या आठवड्यातही असंच होऊन तिला परत पाठवलं होतं. खरं तर ती पोहायला शिकवायची. निम्मा दिवस तलावात काढणारं शरीर ते. एरवी स्वस्थ बसली की तिचे ठोके साठीच्या वर जायचे नाहीत.

“तसाच काढला फोटो तर?”

“पळत्या पोराचा येतो तसा येईल. नुसता फराटा. ठोके साठीच्या आसपास असले ना, की दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय जरा थांबतं. तेवढ्यात आम्ही काम उरकतो. किरणंही थोडीच लागतात. हे असं धावायला लागलं, की किरणं चालूच ठेवावी लागतात. तिप्पट, चौपट. आणि एवढं करून फोटोचा भरवसा नाहीच.”

“चालेल. चौपट द्या.”

“तुम्हाला चालेल हो. डॉक्टरांना नाही चालणार. तुम्ही कुठे आजारी आहात?”

आजारी भाऊ होता. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि घरात किडनी जुळणारी ही एकटीच निघाली. वडील ऐन चाळिशीत हृदयविकाराने गेलेले, म्हणून ऑपरेशनआधी तिचं हृदय पाहून घ्यायचं, एवढंच राहिलं होतं. ते झालं की तारीख मिळणार होती. डायलिसिसही सोसेनासं झालेल्या भावाच्या हातात फार दिवस उरले नव्हते. बाहेर बाकड्यावर आई बसली होती. आत येताना आईने तिच्या गालावरून हात फिरवत म्हटलं होतं, “तुझ्यावरच आहे गं सगळं.”

हे वाक्य तिला तोंडपाठ होतं. सायकल भावाला द्यायची झाली तेव्हा हेच ऐकलं होतं. परगावची चांगली नोकरी सोडून परत यायचं झालं तेव्हाही. भावाने बिचाऱ्याने कधी तोंड उघडून काही मागितलं नाही, मागायची ती आईच. आणि ही हो म्हणून मोकळी व्हायची. घरात तिचं कौतुक होतं ते या हो म्हणण्याचंच. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी तिला एकटीला बसवून विचारलं होतं, मनापासून देताय ना? प्रश्न पुरा व्हायच्या आत ती हो म्हणाली होती.

आता ती हृदयाच्या विनवण्या करत होती. उतर रे बाबा, एवढ्या वेळेला उतर. तिने तलावाचा निळा तळ डोळ्यांपुढे आणला. ब्याण्णव. भावाचा सुजलेला चेहरा आठवला. अठ्ठ्याण्णव. तिला रडू फुटलं. उताणं पडून रडलं की पाणी कानात जातं. कानात पाणी जायची तिला सवय होती, पण हे गरम होतं.

“आणखी एकदा बघा ना. पाया पडते तुमच्या.”

तेवढ्यात डॉक्टर बाई आत आल्या. त्यांनी आकडा पाहिला आणि मान हलवली.

“नको. धडधाकट माणसाला उगाच किरणं द्यायची नाहीत. आणि तुमच्या भावाला आता थांबायला वेळ नाही. तुम्हाला बाद धरून दुसरी सोय बघावी लागेल.”

“बाद?”

“हो. यात तुमची काही चूक नाही.”

त्या गेल्या. ती छताकडे बघत राहिली. आईला कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करू लागली आणि तिच्या ध्यानात आलं, की सांगणं सोपंच आहे. आपण कुठे नाही म्हणालो? डॉक्टर म्हणाल्या. तिचे खांदे सैल पडले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिने पोटभर श्वास घेतला. भाऊ वाचणार नाही, असं तिने मनात स्पष्ट म्हणून पाहिलं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. स्वतःची लाजही वाटली. तरी आत जे हलकं झालं होतं ते हलकंच राहिलं.

टेक्निशियन तारा काढायला आला. वाकला आणि तसाच थबकला.

“ताई, हलू नका. एकोणसाठ आहेत.” मग त्याने काचेपलीकडच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “मॅडम, उतरले. लगेच घेऊ या.”

तिने तोंड उघडलं. पण तो बाहेर पळालाही होता, दार लागलं होतं, फळी आत सरकत होती. हृदयाला पुन्हा घाबरायला सवडच मिळाली नाही. फोटोसाठी सुईतून सोडलेलं औषध अंगात ऊन ऊन पसरत गेलं. मशीनमधून आवाज आला, श्वास घ्या, रोखून धरा, बोलू नका. आजवर सांगितलं ते ऐकत आलेल्या बाईने हेही ऐकलं. श्वास रोखण्यात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

एका ठोक्यात सगळं आटोपलं.

“गोळी उशिरा लागू पडली बघा,” टेक्निशियन हसत आत आला. “असा फोटो क्वचित मिळतो. किरणंसुद्धा इतकीशी लागली. डॉक्टरांनी पाहिलं, हृदयाच्या सगळ्या नळ्या एकदम स्वच्छ. बाहेर तुमच्या आईंना सांगितलं, तर त्या रडायलाच लागल्या.”

ती उठून बसली. सुईच्या जागी कापूस दाबून धरला. दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

“दादा, तो फोटो पुसून टाकता येईल का?”